लाल चिकटपट्टी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही—आणि तिला माझ्या खिशातल्या चिल्लरीपासून सगळं ठाऊक असतं. मंडळातल्या पोरांना तर नाहीच. मागे एकदा ऑपरेशनच्या वेळी, भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगून टाकावं असं वाटलं होतं. म्हणजे बघा, माणूस कुठे कुठे वाट शोधतो. पण तिथंही जीभ उचलली नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. जे ओळखतात त्यांचं माझ्याबद्दलचं मत फार चांगलं आहे.

सोलापुरात सात रस्त्याजवळ माझं कॅमेऱ्यांचं दुकान आहे. आधी लग्नांचं शूटिंग करायचो. पाठवणीच्या वेळी नवरीच्या डोळ्यांतलं पाणी नेमकं टिपण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता, असं लोक म्हणायचे आणि मीही ते मान्य करायचो. मग एक दिवस कंटाळलो. आपल्या गावात काही मुलंमुली असे व्हिडिओ करत होती की ज्यांना ना गाणं ना गोष्ट. कुणी नुसती भिंत चित्रित केलेली, कुणी बंद पडलेला माग. त्यांना विचारणारं कुणी नव्हतं. व्हिडिओवाला म्हणजे लग्नवाला आणि सिनेमावाला म्हणजे मुंबईला पळालेला—या दोघांच्या मधे आणखी कुणी असतं, हे इथं कुणाला पटतच नव्हतं. अशांसाठी मी मंडळ काढलं. कॅमेरे फुकट दिले. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर महिन्याला त्यांची कामं पडद्यावर दाखवली. पुण्या-मुंबईच्या महोत्सवांना पाठवली, त्यांच्यावर लिहिलं, त्यांच्या आईवडिलांच्या घरी जाऊन समजूत घातली. शाल-श्रीफळं मिळाली. हे सगळं खरं आहे. खोटं असतं तर आज जरा सोपं गेलं असतं.

मंडळाची एक रीत होती, ती सांगावीच लागेल. कॅमेऱ्याची मेमरी कार्डं कमी आणि माणसं जास्त, त्यामुळे कार्डं सगळ्यांत फिरायची. एकानं काम उतरवून घेतलं की कार्ड पुसायचं आणि पुढच्याला द्यायचं. पण ज्या कार्डातलं अजून कुणाला हवं आहे, त्यावर लाल चिकटपट्टीचा तुकडा लावायचा आणि त्यावर आपलं अक्षर लिहायचं. लाल पट्टीच्या कार्डाला त्या माणसाला विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. हा नियम कुणी केला? मीच. दुकानात पाटी लावली होती, माझ्याच अक्षरात.

अंबिका आमच्याकडे आली तेव्हा कॉलेजात होती. पूर्व भागातली, तेलुगू विणकरांच्या घरातली मुलगी. वडील मागावर, आई राजमणी घरात बसून विड्या वळायची. अंबिका कमी बोलायची, पण कॅमेरा हातात घेतला की तिचा हात हलायचा नाही. तिनं आईवर व्हिडिओ केला. उंबऱ्याशी बसलेली आई, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, शेजारच्या घरातून मागाची खटखट. बस, एवढंच. आई वळतेय आणि मुलगी बघतेय.

शेवटी मात्र आई मान वर करते. कॅमेऱ्याकडे बघते आणि बोलायला लागते. बरंच बोलते. मला एवढं माहीत आहे, कारण ओठ हलताना मी पाहिले.

पाहिले म्हणतोय. ऐकलं नाही. आवाज बारीक करून आणि चित्र पुढं पळवत मी तो भाग बघितला होता. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. ती तेलुगूत बोलत होती आणि मला वाटलं, पुण्याच्या परीक्षकांना यातलं काय कळणार? हे कुणाला वाटलं, तर ज्याची आई जन्मभर त्याच्याशी कानडीत बोलली, त्याला. माझ्या आईचं कानडी ऐकून शाळेतली पोरं हसायची आणि मी तिला म्हणायचो, दारात उभी राहून हाक मारू नकोस. त्यातलं काहीच मला आठवलं नाही. हात सुंदर आलेत, तोंडाचा भाग फालतू आहे—असा निकाल मी दिला. पोरांना नेहमी हेच शिकवायचो, की जे कामाचं नाही त्यात जीव गुंतवायचा नाही.

अंबिकाला म्हटलं, हातांचा तेवढा भाग घेऊ, महोत्सवाला छोटंच लागतं. ती हो म्हणाली. फक्त एवढं म्हणाली, "सर, सगळं ठेवा हं तुमी. अम्मा बोलली हाय की त्यात." माझ्यासमोर तिनं कार्डावर लाल पट्टी लावली, वर 'अं' काढला. मी म्हणालो, ठेवतो की.

मी हातांचा भाग कॉम्प्युटरवर उतरवून घेतला. बाकीचा उतरवला नाही, डिस्क भरत आली होती. त्या आठवड्यात दुसरी पोरं शूटिंगसाठी टेंभुर्णीला निघाली होती आणि त्यांना एक कार्ड कमी पडत होतं. टपावर सामान बांधून गाडी दारात उभी. तिला फोन करता आला असता. फोन खिशातच होता, आजही असतो. मी नखानं ती पट्टी सोलून काढली, कार्ड पुसलं आणि पोरांच्या हातात दिलं. त्यांनी त्यावर दिवसभर उसाचे ट्रॅक्टर चित्रित केले.

चूक झाली म्हणाल. इथवर कुणीही म्हणेल. इथंच थांबलो असतो तर मीही हे चूक म्हणूनच सांगत फिरलो असतो.

हातांचा व्हिडिओ पुण्यात नावाजला गेला. मग तो आमच्या हॉलमध्ये दाखवला, तेव्हा अंबिकानं आईला आणलं. राजमणी ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. कॅमेरा दिसला की तोंडाला पदर लावणारी बाई, कुणाच्या लग्नाच्या व्हिडिओतही कधी सापडली नसेल—ती स्वतःचे हात एवढे मोठे झालेले बघत होती. संपल्यावर माझ्यापाशी आली. हसत होती. "सर, हातच दाखवले की नुसते. मी बोलले ते कुटं हाय?" मी म्हणालो, ते जपून ठेवलंय, मोठा सिनेमा करू तेव्हा घेऊ. ती लाजली. मुलीकडे वळून तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. मीही हसलो.

पुढच्या वर्षी राजमणी गेली. छातीचं दुखणं होतं, बरेच दिवस अंगावर काढलेलं. मी माणसं घेऊन गेलो, सगळं केलं, स्मशानात शेवटपर्यंत थांबलो. अंबिकाच्या वडिलांनी माझे दोन्ही हात धरले होते.

दिवस-वार झाल्यावर अंबिका दुकानात आली. काय मागायला आली असेल, सांगायला हवं का? घरात आईचा आवाज कुठंच नव्हता. आजच्या दिवसात असं कसं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. पण आईकडे बटणांचा फोन, मुलगी कायम घरातच, मग निरोप रेकॉर्ड करून कोण कुणाला पाठवणार? ती म्हणाली, "सर, अम्मा काय बोलली ते मला पाठ हाय. तिन्नावा म्हणाली, म्हणजे जेवलीस का. मग म्हणाली ते यंत्र खाली ठेव, आधी जेव. मग तिच्या आईचं सांगितलं. सगळं आठवतंय, पण आवाज आठवंना झालाय. लई भ्या वाटतंय."

तेव्हा सांगायला हवं होतं. ती रडली असती, ओरडली असती, मंडळ सोडून गेली असती. आणि मग कधीतरी सावरली असती. मी म्हणालो, कार्ड खराब झालंय, उघडत नाहीये.

ती म्हणाली, द्या मग. दुरुस्त करणारे असतात की.

आता येतो त्याच्याकडे. इतका वेळ त्याच्याच भोवती फिरतोय, तुमच्या लक्षात आलं असेल. मी तिला म्हणालो, घरी आहे, उद्या देतो. आणि घरी गेलो नाही. दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. ड्रॉवरमध्ये त्याच कंपनीचं एक कार्ड पडलेलं होतं—विकत आणलं तेव्हापासूनच बंद, परत करायचं राहून गेलेलं. त्यावर कधीही काही चित्रित झालेलं नव्हतं. मी लाल पट्टीचा तुकडा कापला, त्यावर लावला. थोडा जुना दिसावा म्हणून अंगठ्यानं घासला. आणि पेन घेऊन त्यावर 'अं' काढला. ती टिंब जरा उजवीकडे देते, तेही मला माहीत होतं. तसंच दिलं.

हे मी शुद्धीवर असताना केलं. घाबरलो होतो, खरं. पण तिला किती दुःख होईल म्हणून घाबरलो नव्हतो. माझी ती पाटी, माझं मंडळ, माझे ते धरलेले हात—त्यांच्यासाठी घाबरलो होतो.

दुसऱ्या दिवशी तिनं ते कार्ड दोन्ही हातांनी घेतलं आणि डोळ्यांना लावलं.

सात रस्त्यावरच्याच एका दुरुस्तीवाल्यानं होत नाही सांगितलं. मग ती पुण्याला गेली, त्यांनीही परत पाठवलं. तिनं कुंकवाची एक स्टीलची डबी रिकामी केली, त्यात कार्ड ठेवलं आणि ती डबी आईच्या फोटोपुढं. सणाला फोटोला हार घातला की एक फूल डबीवरही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पुरणपोळी खाताना पाहिलंय.

आणि तिचं काम? काम ती करत राहिली, चांगलंच करत राहिली. आज आमच्या मंडळाचं नाव बाहेर कुणाला ठाऊक असेल तर ते तिच्यामुळे. पण तेव्हापासून तिच्या एकाही व्हिडिओला आवाज नाही. नुसती चित्रं. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "अम्माचा आवाज मिळाला की लावीन. पैला तोच." मला हे माहीत आहे. आणि तरी दर प्रदर्शनाच्या पत्रकात तिच्यावर दोन शब्द लिहायचे असतात ते मीच लिहितो. मौन हीच या कलावतीची भाषा आहे, असं मी लिहिलंय. लोकांनी ते उचललं. समीक्षक तेच म्हणतात, मुलाखतीत तिला तेच विचारतात आणि ती गप्प बसते. माझ्या सत्काराला बोलायला उभी राहिली तेव्हा म्हणाली, सरांनी माझं सगळं जपलं. टाळ्या झाल्या. मी हात जोडले.

आज ती बेंगळुरूला गेली. तिथं कुणीतरी आहेत, कार्ड उघडून आतली चिप सरळ वाचतात म्हणे. शाळेत शिकवते, तिथून रजा काढलीय. स्टेशनवर सोडायला मीच गेलो होतो. तिची पिशवी मी धरली होती. गाडीला वेळ होता म्हणून बाकावर बसलो, तेव्हा तिनं डबी उघडून दाखवली. लाल पट्टीचा रंग उडून गुलाबी झालाय. अक्षर पुसू नये म्हणून तिनं वरून दुसरी पारदर्शक पट्टी लावलीय. म्हणाली, "बघा सर, माझं अक्षर अजून तसंच हाय की." मग विचारलं, "होईल न्हवं का?"

मी म्हणालो, होईल.

ती डब्यात चढली. खिडकीतून म्हणाली, आवाज आला की आधी तुमाला ऐकवते. गाडी हलली तसा मी चार पावलं बरोबर चाललो, जसे सगळे चालतात.

तिथली माणसं कार्ड उघडतील. ती तिच्याशी खोटं बोलणार नाहीत, त्यांना काय गरज? यावर कधी काही रेकॉर्ड झालेलंच नाही, असं सांगतील. तेव्हा हे मी आज सांगतोय त्याला कुणी धाडस म्हणू नका. पकडला जाण्याआधी बोलतोय, एवढंच. आणि बोलतोय तेही तुमच्याशी, तिच्याशी नाही. फोन समोर पडलाय. गाडी आत्ता अक्कलकोट रोड स्टेशनच्या पुढं गेली असेल, फोन लागेल. तिला अजून मधल्या स्टेशनवर उतरून परत येता येईल. मी तो उचललेला नाही.

ती डबी मांडीवर घेऊन बसली असेल. ते अक्षर तिचं नाही, माझं आहे.