कठडा नसलेली गच्ची

ग्रंथालयात शिरलं की उजव्या हाताला चौकशीचं टेबल होतं आणि त्या टेबलामागे एकतीस वर्षं एकच बाई बसत आली होती. तिचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. बाकी सगळ्यांसाठी ती चौकशीबाई.

तिला दोन सवयी होत्या. पहिली चिठ्ठ्यांची. कुणी काहीही विचारलं की ती तळहाताएवढ्या चिठ्ठीवर तीन ओळी लिहायची. वर तारीख, मध्ये प्रश्न, खाली उत्तराचं काय झालं ते : 'दिले', 'नाही' किंवा 'शोध चालू'. कुणी मोरी कुठे म्हणून विचारलं तरी चिठ्ठी. शिपाई हसायचा, "बाई, याची कसली चिठ्ठी?" ती म्हणायची, "महिन्याला चाळीस जण तेच विचारतात, म्हणजे पाटी चुकीच्या जागी आहे." पाटी खरंच चुकीच्या जागी निघाली होती. लिहिलेली चिठ्ठी फाडायची नाही, एवढा एकच नियम तिने आयुष्यात कटाक्षाने पाळला होता.

दुसरी सवय संशयाची. नवरा गेल्यापासून ती आणि तिची नणंद दोघीच दोन खोल्यांत राहत. नणंदेचा जन्म शिवणकामात गेलेला, बोलणंही टाचणीसारखं. ती म्हणायची, "वहिनी, तू एक घड्याळ बघतेस आणि दुसऱ्याला विचारतेस, हे खरं बोलतंय का रे?"

त्या वर्षी ग्रंथालयाच्या मंडळाने एक सल्लागार आणला. तुकतुकीत बुटांचा, प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसणारा. त्याने ग्रंथालयाचं एक आभासी रूप तयार करून घेतलं होतं. डोळ्यांवर यंत्र चढवायचं, की घरबसल्या माणूस एका काचेच्या भव्य इमारतीत उभा. जगातून कुठूनही या, फिरा, भेटा.

"आणि वाचा?" चौकशीबाईने विचारलं.

"तेही येईल हळूहळू," सल्लागार हसला.

हे 'हळूहळू' तिच्या डोक्यात कुसळासारखं रुतून बसलं. पुढचं ऐकल्यावर तर ती सावधच झाली. खालचा वाचन कक्ष, पूर्वेच्या खिडक्यांचा, चाळीस खुर्च्यांचा, बंद करायचा आणि तिथे ही यंत्रं मांडायची, असा प्रस्ताव होता. कक्षात रोज सतरा-अठरा माणसं यायची. त्यांतले एक भिंगवाले आजोबा. डाव्या हातात भिंग धरून ते वर्तमानपत्राची एकेक ओळ अशी वाचत, की मुंग्यांची रांग मोजताहेत असं वाटावं. घरी दिवसा दिवा लावलेला सुनेला खपत नाही, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. चौकशीबाईला ठाऊक होतं.

"एक महिना आकडे बघू आणि मग ठरवू," ग्रंथपालसाहेब म्हणाले. साहेब भला माणूस. पण समोरचा जोरात बोलला की त्यांना त्याचं पटायचं. "तिकडच्या काउंटरवर मात्र रोज दुपारी कुणीतरी बसायला हवं. रिकामा काउंटर बरा दिसत नाही. कोण बसतं?"

सगळ्यांनी नजर खाली टेबलाकडे वळवली. ते यंत्र चढवून एकाला भोवळ आली होती, एकीला उलटी झाली होती.

"मी बसते," चौकशीबाई म्हणाली.

साहेबांना वाटलं, बाईंना हौस आली. तिला हौस नव्हती. चोराच्या घरात शिरायला मिळत असेल तर नाही का म्हणावं?

ते यंत्र तिने पहिल्याच दिवशी 'झापड' म्हणून टाकलं आणि मग सगळे तसंच म्हणू लागले. चष्म्यावर झापड चढवल्यावर ती एका लखलखीत दालनात उभी होती. तिला दिलेलं रूप पंचविशीतल्या मुलीचं होतं; कंबर इतकी बारीक, की नणंद असती तर तिने लगेच माप घ्यायला फीत काढली असती. चौकशीबाईने सांगून त्या मुलीला चष्मा लावून घेतला. काउंटरमागे खुर्ची होती, पण तीत बसता येत नव्हतं. भिंतभर कपाटं होती. तिने एक पुस्तक ओढायला हात पुढे केला, तो सरळ आरपार गेला. नुसत्या पाठी रंगवलेल्या होत्या. पाठ होती, पोट नव्हतं.

लोक मात्र येत होते, आणि विचारतही होते. झापड काढली की माणूस निघून जाई, म्हणून ती टेबलावर हात चाचपून न बघताच चिठ्ठ्या लिहायची. एक ओळ दुसरीवर चढायची, शब्द कडेवरून खाली घसरायचे. संध्याकाळी चहाबरोबर नणंद त्या उलगडायला बसायची. फाटक्या लेसचे धागे सोडवलेली बाई ती, तिला हे काय जड!

"'बाहेर कसं जायचं?'" नणंदेने वाचलं. दुसरी उचलली. "'बाहेर कसं जायचं?' तिसरी, 'दार कुठे आहे हो?' अगं वहिनी, हे ग्रंथालय आहे की तुरुंग?"

"तू वाच. निष्कर्ष काढू नकोस."

"'पुस्तक उघडत का नाही?' हा बरा शहाणा दिसतोय. 'तुम्ही माणूस आहात का?' यावर काय सांगितलंस?"

"दिले, असं लिहिलंय ना?"

"हो, पण काय दिलंस?"

"म्हटलं, गुडघे दुखताहेत, म्हणजे असावी."

पहिल्या आठवड्याचा आकडा लागला : दोनशे ऐंशी भेटी. सल्लागाराने तो मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावला. चौकशीबाईने चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा मोजल्या. एकवीस. एवढी माणसं आली तर गेली कुठे?

उत्तर लाल टोपीवाल्याने दिलं. तो एका तासात सातव्यांदा दारातून आत आला तेव्हा तिने त्याला अडवलं. "आत्ताच आला होतात ना?"

"पडलो हो, बाई," तो वैतागून म्हणाला. "वरच्या गच्चीवरून. कठडाच नाही तिथे. खाली पडलं की पुन्हा ह्या दारात. बाहेर कसं जायचं सांगा ना!"

तिने त्याला झापड काढायला सांगितलं. मग चिठ्ठी लिहिली आणि विचारात पडली.

मंगळवारी दोन तासांत चिटपाखरू फिरकलं नाही. तिने दोनदा इकडेतिकडे बघितलं, पंचविशीतल्या त्या मुलीला जिन्याने गच्चीवर नेलं आणि खाली उडी मारली. इकडे खऱ्या खुर्चीत तिने टेबलाची कड घट्ट पकडली, तोंडून "अगं आई गं!" निघालं आणि शिपाई धावत आला. "काही नाही, तू जा," ती म्हणाली आणि पुन्हा जिना चढली. अशी ती नऊ वेळा पडली. बुधवारी सकाळी भिंतीवर मंगळवार दुपारच्या भेटी लागल्या होत्या : दहा. एकदा ती दारातून आत आली होती, ते धरून.

"सापडला!" ती घरी येऊन म्हणाली.

"कोण?"

"आकडा."

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण तिसऱ्या आठवड्यात एक बाई आली. आवाज दबका. "जरा हळू बोला हं, वडील झोपलेत." तिने दार विचारलं नाही, गच्ची विचारली नाही. वडिलांना झटका आला होता, वाचा गेली होती. पुन्हा बोलायला शिकवण्याचे सराव कुठल्या पुस्तकात मिळतील? दुसऱ्या दिवशी तिने दुसरं विचारलं, मग तिसरं. चार दिवसांत चार प्रश्न, चारही अस्सल.

चौकशीबाईला पहिल्यांदा काय वाटलं असेल? हेच, की सल्लागाराने आपलं माणूस पेरलं. इतका चांगला वाचक फुकट मिळत नसतो. तिने पुस्तक शोधलं, पत्ता विचारून घेतला आणि शिपायाला न पाठवता शनिवारी स्वतःच गेली. बघू तरी, घर आहे की नाही.

घर होतं. तिसरा मजला, दाराशी औषधांच्या रिकाम्या खोक्यांचा ढीग. दार उघडलं ते चाळिशीच्या बाईने, खांद्यावर ओला टॉवेल. आत पलंगावर वडील, आणि खिडकीत भाच्याने दिलेली झापड. चौकशीबाईने पुस्तक पुढे केलं. ती बाई तिच्याकडे बघतच राहिली.

"तुम्ही... त्या काउंटरवरच्या? तिथे तर तुम्ही लहान दिसता."

"तिथे बरंच काही दिसतं."

"दीड वर्ष झालं, बाजाराच्या पुढे गेले नाहीये मी," ती बाई म्हणाली. "तिथे कुणीतरी काउंटरवर उभं असतं आणि 'काय हवंय' म्हणून विचारतं. मला तेवढंच फार होतं."

घरी परतताना चौकशीबाईने दोनदा चुकीचं वळण घेतलं.

महिना संपला. सल्लागाराचा आकडा अकराशे चाळीस. तिच्या चिठ्ठ्या अठ्ठ्याऐंशी : एकसष्ट बाहेरच्या रस्त्याच्या, एकोणीस न उघडणाऱ्या पुस्तकांच्या, चार 'तुम्ही माणूस आहात का'च्या, आणि चार त्या बाईच्या. बैठकीच्या दिवशी सकाळी तिने त्या शेवटच्या चार उचलून साखरेच्या डब्याखाली सरकवल्या. त्या नसल्या तर वाचन कक्ष नक्की वाचणार होता. असल्या तर काय होईल, ते सांगता येत नव्हतं.

नणंद चहात साखर घालायला उठली. डबा उचलला, चिठ्ठ्या बघितल्या, डबा परत ठेवला.

"मुंग्या लागतील हं, वहिनी," एवढंच म्हणाली.

चौकशीबाई जिन्यापर्यंत गेली आणि चपला न काढताच परत आली.

बैठकीत तिने आधी गच्चीची हकीकत सांगितली. नऊ वेळा पडल्याचं सांगताना तिचा चेहरा लाल झाला. मंडळातले दोघे तोंड लपवून हसले. सल्लागाराचं हसू तेवढं गेलं. "ती तांत्रिक बाब आहे," तो म्हणाला.

"असेल. मला त्याला 'कठडा नाही' म्हणतात एवढंच माहीत," ती म्हणाली आणि चिठ्ठ्या गठ्ठ्यागठ्ठ्याने टेबलावर मांडल्या. शेवटच्या चार तिने वेगळ्या ठेवल्या. "आणि ह्या चार खऱ्या आहेत. मी घरी जाऊन बघून आलेय."

बराच वेळ चर्चा झाली. वाचन कक्ष राहिला. आभासी ग्रंथालयही राहिलं, दालन आणि गच्ची वगळून : एक काउंटर, एक खुर्ची, दुपारी तीन ते चार. "आणि तिथे बसायला तुमच्याइतकं लायक कोण आहे, बाई?" साहेब खुशीत म्हणाले. तिला त्यातही डाव दिसला, पण कुणाचा ते कळेना.

आता ती रोज तीनला झापड चढवते. कुणी आलं की आधी विचारते, "चालत आलात की पडून?" गच्ची काढली आहे, असं तिला सांगितलंय. तरी विचारते.

मागच्या सोमवारी तिने झापड काढली तेव्हा तिच्याच टेबलावर तिच्याच गठ्ठ्यातली एक चिठ्ठी लिहून ठेवलेली होती. अक्षरं टपोरी, भिंगातून बघून काढलेली. वर तारीख. मध्ये प्रश्न : 'हल्ली तीन ते चार तुम्ही कुठे असता?'

तिने वाचन कक्षाकडे बघितलं. आजोबा वर्तमानपत्रात डोकं घालून बसले होते. तिसरी ओळ कोरी होती. तिने पेन उचललं, थोडा वेळ धरून ठेवलं आणि लिहिलं, 'शोध चालू'. मग उठून, ती चिठ्ठी घेऊन, त्यांच्या खुर्चीकडे गेली.