निंबाच्या बुंध्यातला हिंग

शेजारीण वाटीत काही घालून आणते तेव्हा मी आधी तिच्या चेहऱ्याकडे बघते आणि मग वाटीत. घरात सगळे मला संशयी म्हणतात. असेन. जळगावात इतकी वर्षं संसार केला, त्यात संशय घेतल्यानं माझं फारसं बिघडलं नाही. विश्वास ठेवल्यानं मात्र बऱ्याचदा बिघडलं.

आमच्या शेजारी राजस्थानातून आलेलं व्यापारी कुटुंब राहतं. त्यांच्या तीन पिढ्या इथंच गेल्या, बाजारात किराण्याचं दुकान आहे, मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ बोलतात. आमच्या गल्लीत गच्चीवर सोलर बसवलं ते पहिलं त्यांनीच. "भाभी, लाइटबिल जवळजवळ शून्य! तुम्हीपण बसवून घ्या," असं शेजारीण येताजाता सांगायची. फुकट म्हटलं की माझ्या मनात पाल चुकचुकते. त्यांच्याकडचं नवं मीटर म्हणे दोन्ही बाजूंनी मोजतं, आपण घेतलेली वीज आणि आपण दिलेली वीज. घेतलेली बरोबर मोजत असणार याची मला खात्री होती, दिलेली मोजेल याची नव्हती.

सोलरशी माझं वाकडं नव्हतं, हे आधीच सांगते. माझं माहेर भुसावळकडचं. कोळशानं भरलेल्या मालगाड्या फाटकात उभं राहून बघत मी वाढले, आणि विजेसाठी एवढा कोळसा रोज जाळायचा तर एक दिवस तो संपेल, ही काळजी मला लहानपणीच लागली होती. ऊन तर आपल्या खानदेशात पोत्यांत भरून बाहेर पाठवावं इतकं. त्याची वीज होत असेल तर चांगलंच आहे. माझा संशय उन्हावर नव्हता, माणसांवर होता.

दोन्ही घरांच्या मध्ये, आमच्या आवारात, कडुनिंबाचं मोठं झाड आहे. आम्ही त्याला नुसतं निंब म्हणतो. तो कुणी लावलेला नाही, आपला आपण उगवला. कंपाउंडची भिंत बांधायची वेळ आली तेव्हा गवंड्यानं निंब तोडा म्हटलं, तर अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याच्या बुंध्याला टेकून बसून राहिल्या. शेवटी भिंतच तिथं वाकडी करावी लागली. होळी झाली की अक्कांची खाट निंबाखाली जाते ती पाऊस येईपर्यंत. दुपारी गल्लीतल्या बायका तिथं येतात, कुणी गहू निवडतं, कुणी लसूण सोलतं, आणि अख्ख्या गल्लीची खबरबात तिथं कळते. निंबाची सावली सकाळी आमच्या गच्चीवर असते आणि चार वाजले की शेजाऱ्यांच्या गच्चीवर सरकते.

ही चारनंतरची सावली माझ्या डोक्यात बसली, कारण एक दिवस शेजारीण वाटीत घेवर, त्यांच्याकडची तुपातली मिठाई, घेऊन आली आणि म्हणाली, "भाभी, तुमचा निंब फार वाढला हो. आमच्याकडची एक फांदी छाटली तर चालेल का?" मी म्हटलं, अक्कांना विचारते. विचारलं नाही. घेवर खाल्ला.

त्याच उन्हाळ्यात पारोळ्याला नात्यातल्या लग्नाला गेलो होतो. मंडपात पत्र्याखाली अक्कांना ऊन लागलं. येताना त्या गाडीत बडबडायला लागल्या, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्यांनी ह्यांना ओळखलंसुद्धा नाही. हे, म्हणजे माझे यजमान, सलाइनच्या बाटलीकडे बघत बसून राहिले. आईनं तिच्या अहिराणीत आपल्याला "तू कोन शे?" विचारलं, हे त्यांना फार लागलं. अक्का बऱ्या होऊन घरी आल्या, पुन्हा खाटेवर बसून बायकांशी गप्पा मारायला लागल्या, पण हे पूर्वीसारखे बोलेनात. संध्याकाळी एकटेच गच्चीवर जाऊन उभे राहत. मी समजले, वय झालं.

दिवाळीनंतर निंबाची एक बाजू पिवळी पडायला लागली. निंबाची पानगळ फाल्गुनात होते, ही वेळ नव्हती. अक्का काठी टेकत बुंध्यापाशी गेल्या, वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"निंबले काय व्हयनं व? आठे हिंगना वास येस माले."

मी बसून पाहिलं. जमिनीलगत खोडात गिरमिटानं पाडलेलं भोक होतं, वरून चिखलानं लिंपलेलं. चिखल नखानं काढला तर आत हिंग ठासून भरलेला. झाड गुपचूप मारायचं असेल तर बुंध्यात हिंग घालायचा, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं.

मला विचार करायची गरजच पडली नाही. गच्चीवर सावली कुणाला नको होती? फांदी छाटू का कुणी विचारलं होतं? आणि हिंग कुणाच्या दुकानात मिळतो? मी घरात गेले, शेजारणीची घेवराची वाटी फळीवर पडून होती ती घेतली आणि तिच्या ओट्यावर रिकामी ठेवून आले. शेजारची वाटी आपण कधी रिकामी परत करत नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालतो. तिला कळायचं ते कळलं.

तासाभरात ती माझ्या दारात. डोळे भरलेले. मी तिला बुंध्यापाशी नेलं आणि भोक दाखवलं. तिनं वाकून बोट लावलं आणि वास घेतला.

"भाभी, आमचे सासरे या निंबाखाली रोज पाखरांना दाणे टाकायचे," ती म्हणाली. "आम्ही असं करू?" मग तिला काहीतरी आठवलं आणि तिनं ते अगदी साधेपणानं सांगितलं. "हिंग तर तुमच्या घरचे भाऊच घेऊन गेले होते आमच्या दुकानातून. चांगला खड्याचा. आमचे हे म्हणाले, भाभींचं लिंबाचं लोणचं यंदा लवकर दिसतं."

मी लोणचं घातलं नव्हतं.

हे जेवायला बसले होते. मी ताट वाढलं आणि विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. अक्कांच्या खोलीत एसी लावायचा, एसीचं बिल परवडायचं तर सोलर हवं, आणि सोलरवाला गच्ची बघून म्हणाला होता की या झाडामुळे अर्धा दिवस वाया जाईल. तोडायला महापालिकेची परवानगी लागते. आणि अक्कांची परवानगी मिळालीच नसती.

"पुढच्या उन्हाळ्यात तिनं मला पुन्हा ओळखलं नाही तर?" ते म्हणाले. "झाडाचं काय घेऊन बसलीस?"

मला त्यांचा भयंकर राग आला. आणि त्याच वेळी हातात घास धरून बसलेल्या त्या माणसाची दयाही आली, त्यामुळे धड भांडताही येईना. मी एवढंच म्हटलं, "आईला सावलीत बसवायचं म्हणून सावलीच मारायची?" त्यांनी हातातला घास खाल्ला, ताट टाकलं नाही.

मी उलथन्यानं हिंग कोरून काढला, बादल्यांनी पाणी ओतलं. झाड हिंगानं मरतं की भोकानं, मला आजही माहीत नाही. निंब अर्धा वाळला, अर्धा राहिला. वाळलेली बाजू रीतसर परवानगी काढून उतरवली, आणि मोकळ्या झालेल्या उन्हात आमच्या गच्चीवर पॅनेलं बसली. शेजारणीला मी वाटी भरून शेवया नेऊन दिल्या. तिनं घेतल्या, पण आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

मला वाटलं होतं, अक्का एसीत पाऊलही ठेवणार नाहीत. पहिल्या दिवशी त्या नाक मुरडत आत गेल्या. दुसऱ्या दिवशी दार लावून घ्यायला सांगितलं. "बठ्ठं बेस शे व. डास बी नही," म्हणाल्या, म्हणजे सगळंच झकास. आता भर उन्हाळ्यात त्या रजई घेऊन झोपतात, आणि खाट निंबाखाली रिकामी असते. बायका यायच्या थांबल्या. बिल खरंच कमी येतं, हेही कबूल करते, पण मीटरवर माझी नजर आहे.

यंदा चैत्रात उतरवलेल्या फांद्यांच्या जागी तांबूस पालवी फुटली, भराभर. सोलरवाला पॅनेलं पुसायला आला, त्यानं वर पाहिलं. ह्यांनीही पाहिलं. त्या दिवसापासून हिंगाची डबी मी माझ्या कपाटात ठेवते आणि किल्ली कमरेला.

परवा दुपारी अक्कांनी खोलीतून हाक मारली. त्यांच्या खोलीच्या खिडकीतून ती पालवी दिसते, आणि ती वाढली की एसीचं बिल वाढणार, हे त्यांनाही कळतं.

"पोट फुगनं व मनं. हिंगनी डबी कोठे ठेवस तू आते?"

मी कुठे ते सांगितलं नाही. पेलाभर ताक नेलं, चिमूटभर हिंग त्यांच्या तळहातावर ठेवला आणि तो त्यांनी गिळेपर्यंत तिथून हलले नाही.