रबरी पडद्यांची चळत

एकोणीसशे पन्नासनंतर मी बल्लारपूरच्या एका लाकडाच्या वखारीत कामाला होतो. शेजारच्या खोलीत कोळसा खाणीतले एक फिटर राहायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही, नुसतं भाऊ म्हणायचो. कामावरून आले की ते हात घासून धूत आणि बांबूच्या चौकटींवर पातळ रबर ताणत बसत. प्रत्येक चौकट उजेडात धरून छिद्र शोधत, मगच ती आधीच्या चौकटीवर रचत.

"हे काय करून राह्यले, भाऊ?" मी विचारलं.

"रबरातून चांगली हवा जास्त जाते, बाकीची मांगं राह्यते. खाणीत गुदमरलेल्या माणसाले वर आणलं का अशी हवा द्याले पाह्यजे."

पण चळतीला जोडलेल्या हातपंपानं हवा ओढली की पडदे एकमेकांना चिकटत. ते न चिडता सगळं सोडवून पुन्हा रचत. शेवटी त्यांनी बुरडाच्या बाईकडून बांबूची विरळ चटई विणून घेतली आणि तिचे तुकडे पडद्यांमध्ये घातले.

पुढच्या रविवारी पंप मी मारला. पलीकडे आलेली हवा त्यांनी बाटलीत धरली आणि विझत आलेली उदबत्ती आत सोडली. तिचं टोक लालभडक झालं.

त्यांनी उदबत्ती बाहेर काढली.

"बाटलीभर झाली," ते हसून म्हणाले. "माणसाले छातीभर लागते."

मग ते नव्या चौकटीसाठी बांबू तासायला बसले. मीही एक बांबू ओढून त्यांच्याशेजारी बसलो.