डाव्या पायातला खिसा

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, चादरींच्या गठ्ठ्यांमागे मास्तर बसतात. मास्तर म्हणजे शिंपी. अठ्ठावीस वर्षं चादरी, अभ्रे आणि पडदे शिवून शिवून त्यांच्या अंगात सरळ रेघ इतकी मुरली आहे की बायको म्हणते, "हे झोपेत कुशीवर वळतात तेसुद्धा काटकोनात!"

एका बुधवारी वॉर्डच्या सिस्टर खाली आल्या. "मास्तर, नऊ नंबरच्या काकांना जरा समजवा."

"माझं घरात कोणी ऐकत नाही, सिस्टर!"

तरी गेले. नऊ नंबरचे काका निवृत्त बसड्रायव्हर. लघवी अडली म्हणून नळी घातलेली, नळीला पिशवी, आणि मुक्काम तीन आठवड्यांचा. मुलीचं लग्न मात्र रविवारी. डॉक्टरांनी परवानगी दिली होती. काकाच अडून बसले होते. मुलगी रडून सांगून गेली होती, "बाबा नाहीत तर मी बोहल्यावर उभीच राहत नाही."

"पन्नास माणसं घेऊन घाट उतरवलेत मी," काका म्हणाले, "पण ही पिशवी हातात घेऊन चारचौघांत? लोक म्हणतील, बापाने आहेर आणला!"

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. "पँट कुठली घालणार?"

गुरुवारी पँटच्या आत, कमरेपाशी, ऐटबाज खिसा तयार झाला. सिस्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो, पिशवी वर आणि मूत्राशय खाली? लघवी काय जिना चढणार? मागे फिरली तर ताप भरेल माणसाला!"

मास्तरांनी जीभ चावली आणि टाके उसवले. नवा खिसा डाव्या पोटरीशी आतून. नळी दुमडू नये म्हणून मांडीपर्यंत सैल पट्ट्या. खाली चेन, म्हणजे पिशवीचा नळ सोडून ती रिकामी करता येईल. मग एका नव्या पिशवीत पाणी भरून, तीच पँट स्वतः चढवून मास्तरांनी वॉर्डात चार फेऱ्या मारल्या.

"पाय दुखतोय का मास्तर?" एका पेशंटने विचारलं.

"ट्रायल आहे!"

रविवारी मास्तरांना सपत्नीक आमंत्रण. सगळा हॉल नवरीकडे बघत होता, मास्तर नवरीच्या बापाच्या डाव्या पायाकडे. बायकोने कोपर मारलं. "नवरी तिकडे आहे."

"दिसली गं. कापड फुगतंय का बघतोय."

फुगलंच. मास्तरांनी दुरून भुवया उडवल्या. काका उठून बाहेर गेले आणि पाच मिनिटांत हसत परतले. तेवढ्यात बँड सुरू झाला. मुलीने हात पुढे केला. काकांनी आधी उजवा पाय हलवला, मग जरा बिचकत डावा. मास्तर खुर्चीतून अर्धे उठले. टाका हलला नाही, पट्टी सरकली नाही. मग तर काकांनी गिरकीच घेतली!

"मास्तर!" काका तिथूनच ओरडले, "गाडी रिकामी करून आलोय, बिनधास्त या!"

"जा की," बायको म्हणाली. "आता काय बघायचं राहिलंय?"

मास्तर गेले. कसे नाचले ते विचारू नका. पण त्या संध्याकाळी तिथे बापाइतकं खूश कोणी असेल, तर ते मास्तर.