भिंतीवरची शर्टाची शेपटं

बंदूकवाल्या काकांना गोड बोलता यायचं नाही. पेशानं ते भूलतज्ज्ञ. दिवसभर माणसांना झोपवायचे आणि शनिवार-रविवारी उरलेल्यांची झोप उडवायचे. आई पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेली तेव्हा कोशिंबीर वाढता वाढता तिला म्हणाले, "वहिनी, फार बारीक आवाजात बोलता तुम्ही. इथल्या हिवाळ्यात तसली माणसं टिकत नाहीत." आई परतताना गाडीत रडली. आणि जानेवारीत तिनंच त्यांना फोन केला, मला बर्फात गाडी चालवायला शिकवा म्हणून. शिकवली त्यांनी, पण प्रत्येक वळणावर अपमान करत.

ते मूळचे नागपूरचे. लहानपणी वडिलांबरोबर तिकडच्या जंगलात शिकारीला जायचे. पुढे कायद्यानं शिकार बंद झाली आणि काका अमेरिकेला आले. दोन्ही गोष्टी ते एका दमात सांगायचे, जणू एकीमुळेच दुसरी घडली. ऐंशीच्या दशकात ओहायोतल्या आमच्या डब्लिनबाहेर मक्याची शेतं आणि ओकची रानं होती. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या रानात काका दर वर्षी थँक्सगिव्हिंगनंतरच्या आठवड्यात शॉटगन घेऊन जायचे. परवानगी तोंडी. बदल्यात दिवाळीला चिवड्याचा डबा. म्हातारा आधी त्यातले सगळे शेंगदाणे वेचून खायचा आणि उरलेला चिवडा बिअरबरोबर.

आमच्या मराठी मंडळातल्या पोरांपैकी एकानं तरी शिकारी व्हावं, हा काकांचा ध्यास. त्यासाठी स्वतःच्याच पोराचा त्यांनी भुगा केला. अजयला त्यांनी ओळीनं तीन वर्षं नेलं आणि तिन्ही वर्षं त्याचा नेम चुकला. हरीण चुकलं की चुकणाऱ्याच्या शर्टाचं शेपूट, म्हणजे मागचं खालचं टोक, कापायचं, असा तिकडच्या शिकाऱ्यांचा रिवाज आहे. इतर लोक कापून हसतात आणि विसरतात. काकांनी अजयचे तुकडे नाव घालून बेसमेंटच्या भिंतीवर ठोकले आणि जेवायला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवले. पाहुणे खाली उतरले की अजय वर जाऊन खोलीचं दार लावून घ्यायचा. काकू म्हणायच्या, काढा हो ते, पोरगा झुरतोय. त्यावर काका म्हणायचे, "मग नेम धरायला शिकावं." शेवटी अजयनं "डॅड, आय हेट धिस" म्हटलं आणि बंदुकीला पुन्हा हात लावला नाही.

तेव्हा मी पुढे झाले. दोन वेण्या, दातांना तारा. काकांनी मला खालीवर बघितलं.

"काय वं पोरी, मटण खातेस?"

"हो."

"बकरं मारताना बघितलंस?"

"नाही."

"मग तू खात नाहीस. चोरतेस."

आणि लगेच गॅरेजमध्ये नेलं. नुकतंच आणलेलं हरीण तिथं टांगलेलं होतं. मला समोर उभं करून त्यांनी त्याचं पोट फाडलं. मला ओकारी आली तशी त्यांनी पायानं बादली सरकवली, तोंड पूस म्हणाले आणि हरणाचं काळीज माझ्या ओंजळीत ठेवलं. ते गरम होतं. मी ते टाकलं नाही, एवढ्यावर माझी निवड झाली.

वर्षभर शिकले. शिकारीचा सरकारी कोर्स केला, खांदा काळानिळा होईपर्यंत पुठ्ठ्यावर गोळ्या झाडल्या. आई मात्र हटून बसली, पोरीची जात, रानात काही झालं तर? तिची भीती घालवायला काकांनी ऑक्टोबरात आई-बाबांना ते रान दाखवायला नेलं. सतरंजी, थर्मास, बटाटेवडे, सगळं काकूंनी दिलेलं. काका आईला समजावत होते, गोळी टेकडीच्या दिशेनं जाते, पलीकडे वस्ती नाही. आईनं शेवटी हो म्हटलं.  बाबा हात मागे बांधून ओढ्याकाठानं लांबवर फिरून आले आणि म्हणाले, पूर्वेला उतार आहे, छान आहे.

त्या नोव्हेंबरात मी पहाटे एका ओकला पाठ टेकून बसले. काका शेजारी. बोटं बधिर झाल्यावर हरिणी आली. काका कुजबुजले, "अर्धा श्वास सोड. आणि थांब." मी श्वास सोडला, पण थांबले नाही. गोळी झाडात गेली आणि हरिणी उडी मारून नाहीशी झाली. काकांनी सुरी काढली, मला पाठमोरं केलं आणि माझ्या अंगातल्या बाबांच्या जुन्या फ्लॅनेल शर्टाचं शेपूट टर्रकन कापलं.  गाडीत बसल्यावर म्हणाले, "अजय थरथरायचा. तू थरथरत नाहीस, घाई करतेस. थरथर जात नाही, घाई जाते. पुढच्या वर्षी ह्याच झाडाखाली."

ह्या माणसाकडून एवढं ऐकायला मिळणं म्हणजे काय, ते अजयला विचारा. शाळा, मैत्रिणी, प्रॉमचा नाच, कशाचीच मला तेवढी ओढ नव्हती जेवढी त्या पुढच्या वर्षाची होती.

उन्हाळ्याच्या तोंडाशी बाबांनी जेवताना आनंदाची बातमी दिली. म्हाताऱ्यानं रान बिल्डरला द्यायचं ठरवलं होतं, कारण एकदम पाच घरांचं बुकिंग बिल्डरच्या हातात होतं. पाचही घरं आपल्या मंडळातली! बाबांनीच सगळ्यांना गोळा करून डिस्काउंट मिळवला होता. शाळा उत्तम, शेजार आपला. "आणि जागा कळली ती तुझ्या काकांमुळेच," असं म्हणून त्यांनी तिथल्या तिथे काकांना फोन लावला, आभार मानले, सहावा प्लॉट घेताय का म्हणून विचारलं. पलीकडून फक्त "अभिनंदन" आलं आणि फोन ठेवला गेला. बाबांना अजूनही वाटतं, काका त्या दिवशी घाईत होते.

वास्तुशांतीला काका सूट घालून आले. प्रसाद घेतला, दोनदा श्रीखंड घेतलं, आणि स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन उभे राहिले. ओक जिथे होता तिथे आता आमचं सिंक होतं. हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. त्यांनी खिशातून माझ्या शर्टाचं शेपूट काढून ओट्यावर ठेवलं. खिळ्याचं भोक तसंच होतं.

"भिंतीवरून काढलंय. अजयनं पुढचं वर्ष स्वतः सोडलं, त्याची राहतील. तुझं दुसऱ्यांनी घेतलं," ते म्हणाले. "तुला आता चुकायलासुद्धा जागा राहिली नाही."

माझे डोळे भरले. त्यांनी बघितलं आणि तसेच बाहेर गेले. हॉलमध्ये बाबांच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्यानं म्हणाले, "घर झकास. इथं हरणंसुद्धा सुखानं मरायची." सगळे हसले. बाबा सगळ्यात जास्त हसले.

काकांनी त्यानंतर बंदूक विकली. आमच्या घरी ते परत आले नाहीत. ते गेले तेव्हा अजय घर रिकामं करायला आला. मला फोन करून विचारलं, यू वॉन्ट एनिथिंग? भिंतीवरचं काय केलंस, मी विचारलं. कचऱ्यात टाकलं म्हणाला. त्याचा आवाज फार हलका झाला होता, आणि मला त्याचा राग आला नाही.

आई-बाबा अजून तिथंच राहतात. वस्तीत गोळी झाडायला बंदी आहे, तेव्हा हरणं माजलीत. आईचे गुलाब खातात, तुळस खातात, आई थाळी बडवत धावते. गेल्या महिन्यात मी भांडी घासत होते, एक हरिणी थेट खिडकीखाली येऊन उभी राहिली. अजयचाही नेम चुकला नसता इतकी जवळ. मी ओल्या हातांनी ओटा धरला, अर्धा श्वास सोडला आणि थांबले. कितीतरी वेळ थांबले. घाई अगदी गेली होती.