पत्रावळीच्या धंद्याचा मालक

वैशाखरे गावात कुणाचंही लग्न असो, पत्रिकेवर निमंत्रक म्हणून घरातल्या थोरल्याचं नाव छापतात आणि कामाला धाकटे पळतात. विजेचा मीटर, पिठाची गिरणी, सगळ्याचं तसंच. त्यामुळे रंजितानं पत्रावळीचं मशीन घेतलं तेव्हा धंद्याची नोंदणी थोरले दीर अनंता यांच्या नावावर झाली, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. तिलाही नाही. उलट नवऱ्याला, मनोजला, तिनंच ते सुचवलं होतं. पायावर धोंडा मारून घ्यायचाच, तर माणूस असा वाजतगाजत घेतो.

अनंता शेडमध्ये यायचा तो चहाच्या वेळेला. बारा वर्षं बाकी सगळं रंजितानं केलं. पळसाची पानं निवडायची, सुकवायची, पाणी शिंपडून मऊ करायची आणि दोन पानांमध्ये तांदळाची खळ लावून तापलेल्या मशीनखाली दाबायची. खळीची युक्ती तिचीच. प्लास्टिकचा कागद नाही, तरी आमटी गळत नाही.

माळशेजच्या रस्त्यावरच्या हॉटेलात एका डच बाईनं त्या पत्रावळीत गरम आमटी ओतून घेतली आणि घड्याळ लावून बसली. अर्ध्या तासानं ती विचारत विचारत शेडवर आली. तिची संस्था परक्या देशातल्या उद्योजकांना नेदरलँड्समध्ये धंदा उभा करायला हात द्यायची. सोबतच्या दुभाष्यानं तिचं म्हणणं सांगितलं, "तुम्ही या. त्यासाठी एक वर्षाचा व्हिसा असतो. धंद्यात काहीतरी नवीन हवं, आमच्यासारखी मान्यता असलेली संस्था पाठीशी हवी आणि मालकानं स्वतः खपायला हवं. नुसता पैसे लावणारा चालत नाही."

रंजितानं पासपोर्ट काढला. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कुठं जावंसं वाटलं होतं, आणि ते तिनं घरात बोलूनही दाखवलं.

मग संस्थेनं कागद मागितले. कागदांवर मालक अनंता.

"नाव बदलूया ना, दादा," ती म्हणाली.

"थोरल्याला काढला म्हनतील लोक," अनंता म्हणाला. "त्यापरीस मीच जातो. घरातलाच मानूस जातोय ना?"

तिनं मनोजकडे पाहिलं. "दादाला नाय कसा म्हनू गो?" एवढंच तो बोलला आणि भाताच्या पोत्यांकडे गेला.

ती डच बाई तोवर संस्था सोडून गेली होती. नव्या माणसांपुढे फक्त कागद होते. अर्जात एक प्रश्न होता, 'हे काम तुमच्याऐवजी दुसरं कुणी का करू शकत नाही?' अनंतानं तो कागद रंजितापुढे सरकवला. तिनं दीड पान उत्तर लिहून दिलं. पान हातात घेताच कळतं, कुठलं फाटेल. खळ कुठल्या तांदळाची. पहिल्या वर्षी बोटं कशी भाजली. अनंतानं ते शाळकरी पोरासारखं पाठ केलं, चुकला तिथं तिनं सुधारलं. "पहिल्या वर्षी माझी बोटं भाजली," तो म्हणायचा, आणि ती पुढचं वाक्य सांगायची. तिला राग यायला हवा होता. तो आला नाही. काहीच आलं नाही, याचंच तिला थोडं नवल वाटलं.

महिनाभरानं दुपारी संस्थेच्या पुण्यातल्या बाईचा फोन आला. धंद्यातल्या कामगाराशी बोलायचं होतं. अनंतानं फोन रंजिताच्या हातात दिला आणि समोरच उभा राहिला.

"अनंतारावांशिवाय हा धंदा चालेल का हो?" बाईनं विचारलं.

खरं सांगितलं असतं तर त्याचा अर्ज तिथंच बुडाला असता. तिचा मात्र त्यामुळे मंजूर झाला नसता. पण रंजितानं एवढा हिशोबही मांडला नाही. तोंडात आलं ते बोलली.

"नाय चालनार."

"बरं. तुमचं नाव सांगा, नोंदीत लिहिते."

"नाव कशाला, ताई," रंजिता म्हणाली. "कामाला बाई आहे, असं लिवा."