मुलगी धडधाकट आहे ना?

सांगलीत बायकांच्या दवाखान्यात मी डॉक्टर म्हणून रुजू झाले तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. औषधं मिळणार नाहीत, वेळी-अवेळी बाळंतपणाला जावं लागेल, पुरुष मंडळी तोंडावर "मोठ्या डॉक्टरांना बोलवा" म्हणतील, या सगळ्याची मनाने तयारी केली होती. एका गोष्टीची कल्पना मात्र मला कोणी दिली नव्हती. तुळशीचं लग्न लागलं, घरोघर सोयरिकी निघाल्या, की मुलाकडची माणसं माझ्याकडे येऊ लागत. दुखणं काही नसे. बाकावर बसत, पाणी मागत, इकडचं तिकडचं बोलत आणि मग आवाज खाली आणून विचारत, "अमक्यांची मुलगी तुमच्याकडे येऊन गेली म्हणे. धडधाकट आहे ना?"

माझ्या आधी दवाखाना सांभाळणारी नर्सबाई असल्या चौकशीला उत्तर देत असे. बाई भली होती, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. "खुशाल करा" म्हणाली की लग्न ठरायचं आणि "जरा चौकशी करा" म्हणाली की मोडायचं. मी पहिल्यापासून एकच उत्तर ठेवलं, "मी कोणाबद्दलच काही सांगत नाही." लोक म्हणाले, नवी बाई शिष्ट आहे. असेन.

त्याला कारण होतं. साताऱ्याला आमच्या घरी येणारे डॉक्टर फार सज्जन होते. लहानपणी माझ्या छातीत पाणी झालं होतं, ते त्यांनीच बरं केलं. पुढे वाईचं एक स्थळ मला सांगून आलं, सगळं जुळलं, आणि मुलाच्या काकांनी या डॉक्टरांना गाठलं. त्यांनी खरं ते सांगितलं. वाईचा नकार आला. वडील म्हणाले, "त्यांनी खोटं थोडंच सांगितलं?" मला मात्र त्या डॉक्टरांचा असा संताप आला की अजून तो पुरता उतरलेला नाही. माझी छाती माझी होती, ती वाईला कशाला कळवायची? लग्न मोडलं म्हणून मी डॉक्टर झाले असं नातेवाईक सांगतात. मी तशीही झालेच असते.

दुसऱ्या वर्षी कोरेगावची मंडळी आली. मुलगा फौजेत, रजेवर आलेला. मुलगी आमच्या गावातल्या एका हळदीच्या अडत्याची, आणि हा अडत्या म्युनिसिपालिटीचा सभासद. माझी नेमणूक तोवर कायम झालेली नव्हती आणि ती करणं न करणं त्याच्यासारख्यांच्या हातात होतं. मुलगी माझ्याकडे आली होती ती डोळे आले म्हणून. बाकी तब्येत ठणठणीत. मी नेहमीचं उत्तर दिलं. कोरेगावकर एकमेकांकडे बघत उठले आणि आठवडाभरात नकार आला.

मग अडत्या आला, बायकोला घेऊन.

"आवं बाई, पोरगी चांगली हाय ह्ये तुमास्नी ठावं हाय न्हवं?" तो म्हणाला. "मग चांगल्याला चांगलं म्हनायला तुमचं काय जातंय? चार वळी लिवून द्या, मी कोरेगावला धाडतो."

मी म्हटलं, "आज तुमच्या मुलीला चांगली म्हटलं, तर उद्या जिच्याबद्दल मी गप्प बसेन तिचं काय होईल?"

"तिचं ती बगंल की."

"ती माझ्याकडेच येणार आहे."

त्याला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही बोलताना पोकळ वाटलं. समोर एक मुलगी होती, तिचं लग्न होतं, आणि मी न आलेल्या कोणाची तरी बाजू घेऊन बसले होते. उठताना त्याची बायको म्हणाली, "तुमास्नी पोरबाळ न्हाई, म्हून कळत न्हाई." ते मला लागलं. घरी गेल्यावर मी जेवले नाही.

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. माझी नेमणूक पुढे ढकलली गेली. त्याहून वाईट म्हणजे दवाखान्यात तरण्या मुली दिसेनाशा झाल्या. या बाईकडे गेलं की लग्न मोडतं, असा बोलबाला झाला. एकदा बाजारात अडत्याची मुलगी समोरून आली. मला बघताच तिने पदर ओढून रस्ता बदलला. माझं काही चुकलं नव्हतं, तरी मला फार वाईट वाटलं. पुढे तिच्या बापाने पुण्याच्या डॉक्टरकडून चिठ्ठी आणली आणि तिचं चांगल्या घरी लग्न झालं. मला केवढं हायसं वाटलं ते मी कोणाजवळ बोलले नाही.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात इस्लामपूरकडची एक बाई बैलगाडीतून मुलीला घेऊन आली. मुलगी सतरा-अठराची, गालांवर लाली, मनगटं काडीसारखी. मी विचारलं, "कधीपासून खोकते?"

"दोन वरसं झाली," आई म्हणाली.

"मग इतके दिवस का नाही आणलीत?"

"कुटं आनायची? कळलं तर घरात कोन घ्येनार हिला? आमची हळद त्या अडत्याकडं जाती. तितं त्यो बसून तुमास्नी शिव्या देत हुता. म्हनं, मी सभासद, तरीबी ह्या बाईनं माजं कोरेगावचं काम क्येलं न्हाई, कुनाचंबी काय सांगत न्हाई. तवाच म्या ठरिवलं, हितंच आनायची."

मी नळी लावली. दोन्ही फुप्फुसं गेली होती. दोन वर्षांपूर्वी आली असती तर काही करता आलं असतं. तेव्हाही मी याच खुर्चीत बसलेली होते.

मिरजेच्या दवाखान्यात पाठवायची तयारी करत होते, तेव्हा मुलीने पहिल्यांदा तोंड उघडलं. "बाई, मी बरी झाल्यावर कुनी इच्यारलं तर?"

"नाही सांगणार."

"कोरेगावची आली तरी?"

"कोणीही आलं तरी."

ती हसली, मग तिला खोकल्याची उबळ आली.

श्रावणात ती गेली. तुळशीचं लग्न झाल्यावर मुलाकडची माणसं नेहमीसारखी येऊ लागली. कोणी माधवनगरच्या मुलीबद्दल विचारलं, कोणी वाळव्याच्या. मी कोणालाच काही सांगितलं नाही. तिच्याबद्दल मात्र कोणीच विचारायला आलं नाही.